भारताची १९७ ऑलिंपिक पदकं आली कुठून?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "कॅगल या डेटाच्या वेबसाइटवरून ऑलिंपिकची १८९६ ते २०१६ची फाइल उतरवली आणि देशनिहाय पदकं मोजली. भारताची १९७ आली, त्यात १३८ सुवर्ण. सगळीकडे तर २८ लिहिलेलं असतं. कोड चार वेळा तपासला, चूक सापडत नाही. फाइलच खराब आहे का? आणि याच डेटावरून २०२८च्या पदकांचा अंदाज बांधायचाय, तर कोणतं मॉडेल घेऊ?"

फाइल ठीक आहे, कोडही ठीक असणार. गडबड आहे ती त्या फाइलमधली एक ओळ म्हणजे नेमकं काय, हे न विचारता मोजायला बसल्याची. त्या फाइलमध्ये २ लाख ७१ हजार ११६ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ म्हणजे एका खेळाडूचा एका प्रकारातला सहभाग. तिथे पदक खेळाडूच्या नावापुढे लिहिलेलं असतं, देशाच्या नाही. हॉकीचा संघ सुवर्ण जिंकतो तेव्हा पदकतक्त्यात एक आकडा वाढतो आणि तुमच्या फाइलमध्ये पंधरा-वीस ओळींत 'गोल्ड' येतं.

२०१६पर्यंतची भारताची २८ पदकं घ्या. त्यातली ११ हॉकीची: आठ सुवर्ण, १९६०चं रौप्य, १९६८ आणि १९७२ची कांस्यं. उरलेली १७ वैयक्तिक. १९७मधून १७ वजा केले की १८० उरतात, म्हणजे हॉकीच्या ११ पदकांनी फाइलमध्ये १८० ओळी व्यापल्यात. सुवर्णाचंही तसंच. १३८पैकी १३७ ओळी हॉकीच्या आणि एकच ओळ अभिनव बिंद्राची. हा हिशेब मी मुद्दाम कागदावर करून दाखवतोय. डेटा साफ झाला की नाही हे असंच ताडून पाहायचं असतं, आणि भारतासारखा थोडी पदकं असलेला देश त्याला फार सोयीचा. अमेरिकेची बेरीज हाताने जुळवायला बसलात तर सेमिस्टर संपेल.

यावर इंटरनेटवर हमखास मिळणारा उपाय म्हणजे वर्ष, देश, प्रकार आणि पदक हे चार रकाने घेऊन दुहेरी ओळी उडवणं. एका ओळीचा कोड, आणि भारताचे २८ येतातही. पण तो जमैकावर चालवून बघा. २००८च्या बीजिंगमध्ये महिलांच्या १०० मीटरमध्ये शेली-ॲन फ्रेझर पहिली आली आणि तिच्यामागे शेरॉन सिम्पसन व केरन स्ट्युअर्ट अगदी एकाच वेळेत पोहोचल्या. दोघींना रौप्य, कांस्य कोणालाच नाही. तुमचा कोड या दोघींना एकच समजेल आणि जमैकाचं एक पदक गिळून टाकेल. मुष्टियुद्ध, जिम्नॅस्टिक्स, जुने ॲथलेटिक्स निकाल, सगळीकडे असे अपघात विखुरलेले आहेत. म्हणून आधी सांघिक प्रकारांची यादी वेगळी काढा आणि फक्त त्यांच्याच ओळी एकत्र करा. प्रकाराच्या नावातले 'टीम', 'रिले', 'डबल्स' हे शब्द बरंच काम करतात, पण हॉकी, फुटबॉल, नौकानयन, वॉटर पोलो हाताने घालावे लागतात. कंटाळवाणं काम आहे. मी नवशिक्या मंडळींना हे काम आधी देतो, त्यात फाइलशी ओळख होते.

एक बारीक सूचना. देशासाठी 'टीम' हा रकाना वापरू नका, तीन अक्षरी एनओसी कोड (राष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा) वापरा. 'टीम'मध्ये जुन्या शिडाच्या बोटींची नावं आहेत, 'डेन्मार्क/स्वीडन' अशा जोड्या आहेत, एकाच देशाचे आकडे लावलेले दोन-तीन संघही आहेत. कोडही अगदी निर्धोक नाहीत. देशांची नावं असलेली जी दुसरी फाइल सोबत मिळते, तिच्यात सिंगापूरचा कोड एसआयएन आहे आणि मुख्य फाइलमध्ये एसजीपी. दोन्ही जोडताना न जुळणाऱ्या ओळी गाळल्यात तर अख्खं सिंगापूर गायब. मी एकदा असाच अहवाल देऊन बसलो होतो. बैठकीत एकाने विचारलं, "तो फेल्प्सला हरवणारा मुलगा कुठाय?" जोसेफ स्कूलिंगचं २०१६चं १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण, सिंगापूरचं इतिहासातलं पहिलं, माझ्या तक्त्यात नव्हतंच. तेव्हापासून जोडणी केली की आधीच्या आणि नंतरच्या ओळी मोजल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आणखी काय काय गाळायचं ते पटकन सांगतो. १९०६ची अथेन्सची स्पर्धा फाइलमध्ये आहे, पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती अधिकृत धरत नाही. १९१२ ते १९४८ या काळात चित्रकला, शिल्पकला, संगीत, साहित्य, वास्तुकला यांनाही पदकं होती. ती पदकतक्त्यात मोजत नाहीत, आणि फाइलमधल्या हुबेहूब दुहेरी ओळी बहुतेक याच भागात सापडतील. १९९२पर्यंत उन्हाळी आणि हिवाळी स्पर्धा एकाच वर्षी होत, त्यामुळे फक्त वर्षावर गट पाडलेत तर बर्फ आणि ऊन एकत्र होतं. शहरावर गट पाडू नका, कारण १९५६चं ऑलिंपिक मेलबर्नला झालं तरी ऑस्ट्रेलियातल्या प्राण्यांच्या विलगीकरणाच्या कडक नियमांमुळे घोडेस्वारी स्टॉकहोमला घ्यावी लागली होती.

इथपर्यंत झाडलोट झाली. खरी अडचण पुढे आहे आणि तिला कोडचा उपाय नाही. देश म्हणजे कोण?

जर्मनी घ्या. १९८८ला सोलमध्ये पूर्व जर्मनीने १०२ पदकं जिंकली, पश्चिम जर्मनीने ४०. बेरीज १४२. चार वर्षांनी बार्सिलोनात एकत्र जर्मनी उतरला आणि त्याला मिळाली ८२. तिन्ही कोड 'जर्मनी' या एका नावाखाली आणून आलेख काढलात तर १९९२ला कडा कोसळलेला दिसतो. त्यात पूर्व जर्मनीच्या सरकारी उत्तेजक कार्यक्रमाचा शेवट आहे, क्रीडायंत्रणा मोडल्याचाही भाग आहे. पण एक साधं कारण लोक विसरतात, ते म्हणजे प्रवेशाची मर्यादा. ॲथलेटिक्सच्या एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन खेळाडू. दोन जर्मनी होते तेव्हा सहा, एक झाला तेव्हा तीन. सांघिक खेळात दोन संघांचा एक झाला. पदक मिळवण्याच्या संधीच निम्म्या झाल्या, मग आधीची बेरीज तुलनेला घ्यायची तरी कशी? सोव्हिएत संघाचं नेमकं उलटं झालं. १९९२ला बहुतेक प्रजासत्ताकं एकत्रित संघ म्हणून खेळली (बाल्टिक देश वेगळे झाले होते), १९९६ला पंधराही स्वतंत्र उतरली आणि प्रत्येकाला स्वतःचा कोटा मिळाला.

आपल्याकडेही हा गुंता आहेच. १९२८, १९३२ आणि १९३६ची हॉकीची सुवर्णं अविभाजित भारताची. १९३६च्या सुवर्णविजेत्या संघातले अली दारा १९४८ला पाकिस्तानचे कर्णधार होते. आणि १९००च्या पॅरिसमध्ये दोन रौप्यं मिळवणारे नॉर्मन प्रिचर्ड? ऑलिंपिक समिती ती भारताच्या खात्यात धरते, ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेच्या नोंदींत ते ब्रिटनचे दाखवले गेलेत. तुम्ही कोणाचं मानता हे मला महत्त्वाचं नाही. फक्त तो निर्णय प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लिहा आणि शेवटपर्यंत तोच पाळा. माझी स्वतःची पद्धत अशी: कोड जसे आहेत तसे ठेवायचे आणि 'वारसदार' असा दुसरा रकाना करायचा. एकत्र करायचं की नाही ते प्रश्न पाहून ठरवायचं.

आता पदकाकडे या. पदक म्हणजे पदक, त्यात काय बघायचं, असं वाटतं ना? १८९६ला विजेत्याला रौप्य मिळालं होतं, दुसऱ्याला कांस्य आणि तिसऱ्याला काहीच नाही. तक्त्यात दिसणारी सोनं-चांदी-कांस्याची वाटणी नंतर मागे जाऊन केलेली आहे. ते जुनं म्हणून सोडून देऊ. कुस्तीचं पाहा, ती आपल्या जवळची.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकीत फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात तिसरे आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेस. खाशाबांच्या वेळी एका वजनगटात एकच कांस्य होतं. २००८पासून कुस्तीत प्रत्येक गटात दोन कांस्यं देतात. मुष्टियुद्धात तर उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य ही पद्धत फार आधीची. भारताने २००८ ते २०२४ या पाच उन्हाळी स्पर्धांत १६ कांस्यं मिळवली. त्यातली ८ कुस्ती आणि मुष्टियुद्धातली आहेत: सुशील कुमार, विजेंदर, योगेश्वर दत्त, मेरी कोम, साक्षी मलिक, लवलिना, बजरंग, अमन सेहरावत. यातलं कोणतंही पदक कमी दर्जाचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही, उगाच अंगावर येऊ नका. पण १९५२चं एक कांस्य आणि २०१२चं एक कांस्य तुमच्या फाइलमध्ये अगदी सारखं दिसतं, आणि ती मिळण्याची दारं मात्र सारखी नव्हती. हेलसिंकीत १४९ प्रकार होते आणि ६९ देश. पॅरिसला २०२४मध्ये ३२९ प्रकार आणि दोनशेच्या वर संघ. वरचा आकडा सगळे मोजतात. खाली कशाने भागायचं हा प्रश्न फार थोड्यांना पडतो, आणि माझ्या मते या विषयातलं निम्मं काम तोच प्रश्न सोडवण्यात आहे.

महिलांच्या पदकांबाबत हे सर्वांत ठळक दिसतं. भारतीय महिलेचं पहिलं ऑलिंपिक पदक २०००चं, कर्णम मल्लेश्वरीचं वेटलिफ्टिंगमधलं. महिलांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये आलंच त्या वर्षी. महिलांचं मुष्टियुद्ध २०१२ला आलं आणि त्याच वर्षी मेरी कोमचं कांस्य. '१९९६पर्यंत भारतीय महिलांची कामगिरी शून्य' असं वाक्य मी विद्यार्थ्यांच्या अहवालांत दरवर्षी वाचतो. दार उघडल्या उघडल्या जी आत शिरली, तिच्या आधीच्या शून्याला कामगिरी कसं म्हणायचं?

भाजक बदलला की निष्कर्ष कसा उलटतो याचं माझं आवडतं उदाहरण राष्ट्रकुल स्पर्धांचं आहे. भारताची २०१८ला गोल्ड कोस्टमध्ये ६६ पदकं, २०२२ला बर्मिंगहॅममध्ये ६१. पाचने घसरण, बातम्याही तशाच आल्या. पण २०१८च्या ६६पैकी १६ नेमबाजीची होती आणि बर्मिंगहॅमला नेमबाजी नव्हतीच. ती काढली की २०१८चे ५० राहतात. न्यायाने वागायचं तर २०२२मध्ये जे नवं आलं तेही काढा. ज्युदोची तीन पदकं आणि महिला क्रिकेटचं रौप्य वजा केलं की ५७. म्हणजे जे खेळ दोन्हीकडे होते त्यांत भारत ५०वरून ५७वर गेला. तुमच्या प्रोजेक्टमध्ये दोन स्पर्धांची तुलना करणारा एकही आलेख या प्रकारे 'समान खेळ' गाळणीतून काढल्याशिवाय ठेवू नका.

बहिष्काराची वर्षंही अशीच सांभाळून घ्या. १९८०ला मॉस्कोत ८० देश होते. आपलं आठवं हॉकी सुवर्ण तिथलं, आणि पुरुषांच्या त्या स्पर्धेत सहाच संघ होते: भारत, स्पेन, सोव्हिएत संघ, पोलंड, क्युबा, टांझानिया. पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान कोणीच नव्हतं. १९८४ला लॉस एंजेलिसला सोव्हिएत गट आला नाही आणि अमेरिकेला ८३ सुवर्णं मिळाली. मी या दोन वर्षांना सरळ वेगळा खुणेचा रकाना लावतो. १९०४च्या सेंट लुईसलाही लावा, तिथे बहुतेक खेळाडू अमेरिकेचेच होते.

क्रमवारीबद्दल विचारलं नाहीत, पण प्रोजेक्ट पाहणारे सर विचारतीलच. क्रमांक हे मोजमाप म्हणून वापरू नका. टोकियोत भारताची ७ पदकं, क्रमांक ४८. पॅरिसला ६ पदकं, क्रमांक ७१. एका पदकाने तेवीस पायऱ्या घसरलो, कारण टोकियोत नीरज चोप्राचं सुवर्ण होतं आणि पॅरिसला त्याचं रौप्य. अर्शद नदीमच्या एका फेकीवर पाकिस्तान एका सुवर्णासह ६२वा, सहा पदकंवाल्या भारताच्या वर. सुवर्ण आधी मोजणं ही फक्त एक रूढी आहे. मला विचाराल तर पहिल्या आठ क्रमांकांना गुण देऊन बेरीज करणं जास्त बोलकं. पॅरिसला भारताचे सहा चौथे क्रमांक होते, ते पदकतक्त्यात शून्य धरले जातात. अडचण एवढीच की तुमच्या फाइलमध्ये क्रमांक नाहीत, फक्त पदकं आहेत. तो डेटा वेगळा गोळा करावा लागेल.

दरडोई पदकांचा नकाशा मात्र कृपा करून काढू नका. २०१२ला किराणी जेम्सच्या एका सुवर्णावर सुमारे लाखभर वस्तीचा ग्रेनेडा जगात पहिला येतो आणि भारत तळाला. एवढ्या छोट्या देशात एक पदक म्हणजे योगायोगाचा वाटा प्रचंड, त्यामुळे यादीचा वरचा भाग दर चार वर्षांनी बदलतो. आणि मोठ्या देशाला १४० कोटी लोक असले तरी हॉकीचा संघ एकच पाठवता येतो, कुस्तीच्या एका वजनगटात मल्ल एकच. लोकसंख्या दुप्पट झाली की पदकं दुप्पट होत नाहीत, म्हणून लोकसंख्या घ्यायचीच तर लॉगरिदम घेऊन मॉडेलमध्ये घाला, भागाकार नको.

आता मॉडेल. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, यजमानपद आणि आधीच्या स्पर्धेतली कामगिरी, एवढ्यावर मोठ्या देशांचा अंदाज बराच बरा येतो. बर्नार्ड आणि बुसे या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याच वाटेने जातो आणि पुढचे बरेच अभ्यास त्याच्यावर बेतलेत. यातला 'आधीची कामगिरी' हा रकाना इतका जड असतो की बाकीचे त्याच्या सावलीत जातात. साधी रेषीय रिग्रेशन (आकड्यांतून सरळ रेषा बसवणं) टाळा, ती छोट्या देशांना उणे पदकं देते. निम्म्याहून जास्त देशांना शून्य पदकं मिळतात, म्हणून शून्य वेगळं हाताळणारं गणनेचं मॉडेल घ्या (हर्डल, म्हणजे आधी पदक मिळेल का आणि मग किती, किंवा जादा शून्यांची सोय असलेलं ऋण द्विपद), आणि एकूण प्रकारांच्या संख्येचा लॉगरिदम ऑफसेट म्हणून द्या. तो ऑफसेट म्हणजे वर म्हटलेला भाजकच.

यजमानपदाच्या रकान्याबद्दल थोडा संशय ठेवा. ब्रिटनची सुवर्णं १९९६ला १, २०००ला ११, २००४ला ९, २००८ला १९, २०१२ला २९, २०१६ला २७. लंडनचा परिणाम म्हणावा तर चढण २०००पासूनच आहे आणि रिओतही टिकली आहे. अटलांटातल्या त्या एकमेव सुवर्णानंतर राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळांत ओतला गेला, हे त्यामागचं मोठं कारण. उलट कॅनडा १९७६ला स्वतःच्या घरी एकही सुवर्ण जिंकू शकला नाही. टोकियोत जपानची सुवर्णं १२वरून २७वर गेली, त्यात यजमानाच्या आग्रहाने आलेल्या स्केटबोर्डिंग, कराटे, बेसबॉल-सॉफ्टबॉल अशा खेळांचाही हात होता. गर्दीचा जोश, पैसा आणि खेळांची निवड हे तिन्ही एकाच शून्य-एकच्या रकान्यात कोंबलेले असतात.

भारताच्या २०२८च्या आकड्याबद्दल निराश करतो. २०१२ला ६, २०१६ला २, टोकियोत ७, पॅरिसला ६. सरासरी ५.२५, व्हेरियन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) सुमारे ४.९. निव्वळ योगायोगाने घडणाऱ्या घटनांची मोजणी ज्याने मांडतात त्या प्वासाँ वितरणात सरासरी आणि व्हेरियन्स सारखे असतात, तुम्ही तिसऱ्या सेमिस्टरला शिकला असाल. म्हणजे बारा वर्षं क्षमता जराही बदलली नसती आणि केवळ नशिबाचे फासे पडले असते, तरी असेच आकडे दिसले असते. चार आकड्यांवरून बदल झालाच नाही असंही सिद्ध होत नाही, पण '२ वरून ७, क्रांती' आणि '७ वरून ६, पीछेहाट' ही दोन्ही वाक्यं या डेटाला पेलत नाहीत. सरासरी ६ धरली तरी ९५ टक्क्यांचा पट्टा २ ते ११ येतो. तुमच्या सादरीकरणात हा पट्टा दाखवा. मधला एकच आकडा ठळक अक्षरांत टाकायचा मोह होईल, तो आवरा.

त्यात लॉस एंजेलिसला क्रिकेट आणि स्क्वॉश आहे. क्रिकेट याआधी एकदाच, १९००ला झालं होतं, ब्रिटन आणि फ्रान्स या दोनच संघांत. एकशेवीस वर्षांच्या फाइलला भारतीय क्रिकेटबद्दल काहीही ठाऊक नाही. म्हणून भारतासाठी मी देशाच्या पातळीवरचं मॉडेल बाजूला ठेवतो आणि प्रकारागणिक जातो. जागतिक स्पर्धांतले अलीकडचे निकाल पाहून प्रत्येक प्रकारात पदकाची शक्यता ठरवायची आणि त्यांची बेरीज करायची. कष्टाचं आहे, पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेऊन येतो, तेव्हा त्याची चाहूल नेमबाजीच्या निकालांत लागू शकते, देशाच्या जीडीपीत नाही.

मॉडेलला हात लावण्याआधी एवढं चालवून पाहा: २०१६पर्यंत भारत २८ (९ सुवर्ण, ७ रौप्य, १२ कांस्य), २००८च्या महिला १०० मीटरमध्ये जमैकाची दोन रौप्यं, २०१६ला सिंगापूरचं एक सुवर्ण, १९०६ची एकही ओळ नाही. २०२० आणि २०२४ जोडलीत की भारत ४१ यायला हवा. त्या दोन स्पर्धांत रशियाचे खेळाडू आरओसी (रशियन ऑलिंपिक समिती) आणि एआयएन (वैयक्तिक तटस्थ खेळाडू) अशा वेगळ्या कोडांखाली सापडतील. २००८चं काहीही छापण्याआधी तुमची फाइल कधीची आहे तेही बघा. चीनच्या तीन महिला वेटलिफ्टरांची सुवर्णं २०१७मध्ये काढून घेतली गेली आणि ५१चे ४८ झाले, त्यामुळे जुन्या लेखांशी तुमचा आकडा जुळणार नाही. हे सगळं जुळलं की कोड आणि पहिल्या पानावर लिहिलेले निर्णय पाठवा, पुढचं बघू.